बी.कॉम. कुठून? खान्देशातल्या एका नेहमीच्या प्रश्नाचा आढावा

खान्देशात अकाउंट्स शिकणाऱ्या मुलाच्या घरी विद्यापीठाचा प्रश्न दोनदा उभा राहतो. पहिल्यांदा बारावीनंतर. तेव्हा तो बहुधा पैशाच्या अडचणीवर नाहीतर ‘अजून लहान आहे’ या वाक्यावर मिटतो. दुसऱ्यांदा एफ.वाय.चा निकाल लागल्यावर. तोवर वर्गातले दोघे-तिघे पुण्याला गेलेले असतात, त्यांचे स्टेटस रोज दिसत असतात, एखादे मामा पिंपरीला कंपनीत असतात आणि घरात कुणीतरी म्हणतं, ‘पोऱ्याले पुनाले धाडी द्या.’ हा दुसरा प्रश्न जास्त अवघड, कारण एक वर्ष खर्ची पडलेलं असतं आणि ते सोबत नेता येईल की नाही हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

माझं मत आधीच सांगतो. हिशेबाच्या कामात पदवीच्या कागदावर कुठल्या विद्यापीठाचा शिक्का आहे याला फारशी किंमत नाही. कुणाच्या ऑफिसात बसून कुणाची खाती लिहिली, तपासली, याला आहे. गाव सोडायचं तर जरूर सोडावं, पण कामासाठी. कॉलेजसाठी, तेही अधबीच, सोडण्यात बहुतेकांचा तोटा होतो. अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत, पुढे येतीलच.

‘पुणे विद्यापीठाची डिग्री’ या शब्दांचं वजन इकडे इतकं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही दोन्ही कॉलेजं १९४०च्या दशकाच्या मध्याला निघाली, तेव्हा ती मुंबई विद्यापीठाकडे होती. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं आणि खान्देश पुण्याकडे गेला. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. गिरणाकाठी, बांभोरीजवळ त्याचा परिसर उभा राहिला आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. म्हणजे त्याच इमारतीत, त्याच बाकांवर बसून शिकलेल्या पिढ्यांच्या पदव्या तीन वेगवेगळ्या विद्यापीठांच्या आहेत. ‘आमची डिग्री पुण्याची’ असं सांगणारे अनेक आजोबा जळगाव किंवा धुळ्याबाहेर शिकायला कधी गेलेच नव्हते. पुण्याचं नाव त्यांच्याकडे आपोआप चालत आलं होतं.

याची दुसरी बाजूही बघा. धुळ्याहून साधारण पन्नास किलोमीटरवरचं मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं, म्हणून तिथल्या कॉलेजातून बी.कॉम. केलं तर पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मिळते. मालेगावचा मुलगा आणि धुळ्याचा मुलगा यांच्या अकाउंट्समध्ये या शिक्क्यानं काही फरक पडतो असं कुणी म्हणणार नाही. मग पुण्यातल्या मुलात आणि धुळ्यातल्या मुलात जो फरक दिसतो तो विद्यापीठामुळे पडत नाही. तो शहरामुळे, कॉलेजमुळे, इंग्रजीमुळे आणि आजूबाजूच्या कंपन्यांमुळे पडतो. या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीची किंमत वेगळी मोजावी लागते. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत अभियांत्रिकी, व्यवस्थापन, विधी, फार्मसी असे विभाग आहेत, कॉमर्सचा स्वतंत्र विभागच नाही. त्यामुळे बी.कॉम.साठी ‘टॉप विद्यापीठ’ म्हणून जे सांगितलं जातं ते बरंचसं ऐकीव असतं.

आता अधबीच बदलण्याच्या कागदांबद्दल, कारण घरातल्या चर्चेत नेमकं हेच सुटतं.

पूर्वी रिवाज सरळ होता: जुन्या कॉलेजचा दाखला, जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन, नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र, आणि अभ्यासक्रम जुळतो की नाही हे बघणारी एखादी समिती. आता नवीन शैक्षणिक धोरण आलं. महाराष्ट्रात ते स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. राज्याच्या आराखड्यात पहिल्या वर्षाअखेर ४४ क्रेडिट, दुसऱ्या वर्षाअखेर ८८, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १७६ असा हिशोब आहे. एका वर्षावर थांबलं तर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांवर थांबलं तर पदविका मिळते, मात्र त्यासाठी कौशल्याचे चार क्रेडिट जादा करावे लागतात. विद्यार्थ्याचे क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि अपार आयडीला जोडलेले असतात.

‘बँक’ म्हटल्यामुळे घोटाळा झाला आहे. खात्यातले पैसे कुठल्याही शाखेतून काढता येतात, तसे हे क्रेडिट कुठल्याही कॉलेजात वटवता येतील असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात घेणाऱ्या विद्यापीठानं ते मान्य करावे लागतात, त्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाची जागा रिकामी असावी लागते आणि विषय जुळावे लागतात. मेजर जुळतो, अकाउंटन्सी सगळीकडे अकाउंटन्सीच आहे. अडतं ते बाकीच्या टोपलीत: मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली. जळगावला मायनर एक घेतलेला, पुण्याच्या कॉलेजात तो नाहीच, मग तिथला मायनर पहिल्या वर्षापासून भरून काढा. स्वायत्त कॉलेज असेल तर त्याचा अभ्यासक्रम त्याच्या विद्यापीठापेक्षाही वेगळा. एखाद्या विषयात एटीकेटी असेल तर तो विषय जुन्याकडे द्यायचा की नव्याकडे, या एका प्रश्नावर मुलं दोन ऑफिसांमध्ये चेंडूसारखी फिरतात. तिसऱ्या वर्षाला बाहेरचा विद्यार्थी घेताना तर कॉलेजं फारच नाखूश असतात.

त्यात वेळापत्रकाची भर. इकडचा दुसऱ्या सत्राचा निकाल, मग गुणपत्रक, मग मायग्रेशन. तिकडे एस.वाय.चे वर्ग सुरू होऊन पहिली अंतर्गत परीक्षाही जवळ आलेली असते. अंतर्गत गुणांना आता वजन आहे, त्यामुळे उशिरा पोचलेल्याची सुरुवातच वजाबाकीनं होते.

इतकं सोसून जायचं कुठे, हेही एकेक बघू.

पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय, म्हणजे बीएमसीसी, १९४३ पासूनचं. त्याच्या जोडीला गरवारे, मराठवाडा मित्र मंडळ, मॉडर्न, वाडिया. पुण्याच्या बी.कॉम.चं एक वैशिष्ट्य म्हणजे कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटिंगसारखे स्पेशल विषय, आणि सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटचा अभ्यासक्रम, करायचा असेल तर त्यांचा उपयोग होतो. पण बीएमसीसीसारख्या ठिकाणी दुसऱ्या वर्षाला जागा मिळणं कठीण. मग मुलगा कुठल्यातरी उपनगरातल्या, नाव सांगून कुणाला कळणार नाही अशा कॉलेजात प्रवेश घेतो आणि घरी सांगतो, ‘पुण्यात आहे.’ जळगावचं मू.जे. किंवा अमळनेरचं प्रताप ही स्वायत्त कॉलेजं सोडून त्यानं हे केलेलं असतं. या अदलाबदलीत काय कमावलं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

मुंबईत १९१३ चं सिडनहॅम, आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय. माटुंग्याचं पोदार १९४१ चं. मुंबई विद्यापीठाचं बी.कॉम. (अकाउंटिंग अँड फायनान्स), म्हणजे बीएएफ, खरोखर वेगळं आहे: कॉस्टिंग, टॅक्स, ऑडिट पहिल्यापासून जास्त. पण बाहेरच्या विद्यापीठातून साधं बी.कॉम. करून आलेल्याला त्याच्या दुसऱ्या वर्षात बसवणं त्याच कारणानं अवघड. बीएएफ करायचं तर बारावीनंतरच. एक लक्षात ठेवा, बीबीए-बीएमएस आता एआयसीटीईच्या कक्षेत गेले आहेत आणि २०२४ पासून त्यांना राज्याची सीईटी लागते.

खान्देशात नाशिकचा विचार लोक उगीच मागे टाकतात. बीवायके कॉलेज, गोखले एज्युकेशन सोसायटीचं, १९५७ पासून कॉमर्ससाठीच नावाजलेलं. पदवी पुणे विद्यापीठाचीच. धुळ्याहून दीडशे किलोमीटर, शनिवारी संध्याकाळी एसटीनं घरी येता येतं. ज्याला ‘पुण्याचा शिक्का’ हवाच आहे त्यानं नाशिक बघावं, हा माझा सल्ला.

सुरतेचं गणित निराळं. भुसावळ-सुरत लोहमार्गानं अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबारची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला जातात. उधना आणि लिंबायतमध्ये अहिराणी सहज कानावर पडते. ज्यांचे काका-मामा तिथे कापडाच्या मार्केटात आहेत त्यांच्यासाठी सुरत म्हणजे राहण्याची सोय आणि कामाची सोय एकत्र. तिथलं वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ १९६५ पासूनचं. पण बारावी महाराष्ट्र बोर्डाची, वर्गात गुजराती, प्रवेश राज्याच्या सामायिक पोर्टलवरून. त्यामुळे बरेच जण शहाणपणानं पदवी इकडेच ठेवतात आणि सुरतेच्या एखाद्या कापड व्यापाऱ्याकडे अकाउंटंट म्हणून लागतात. हे मला पटतं.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ चं, हा शेवटचा मार्ग म्हणून सांगितला जातो. कामाला लागलेल्यांसाठी तो पहिला मार्ग असायला हरकत नाही. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, तेव्हापासून त्याची उपयुक्तता वाढलीच आहे. खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्यांच्या जाहिराती मात्र सावधपणे वाचाव्यात आणि यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या मान्यता यादीत त्या वर्षासाठी, त्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का ते आधी बघावं.

विद्यापीठाची चर्चा इथवर पुरे, कारण पोट कामावर चालतं. अकाउंट्सच्या क्षेत्रात विद्यापीठापेक्षा मोठी सत्ता संस्थांची आहे. सीएची संस्था म्हणजे आयसीएआय, १ जुलै १९४९ ला १९४९ च्याच कायद्यानं झालेली. तिचे सभासद आता चार लाखांच्या वर आहेत. १ जुलै २०२३ पासून नवी योजना आली: फाउंडेशनचे चार पेपर, इंटरचे सहा, फायनलचे सहा, आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातली उमेदवारी, तीन वर्षांऐवजी दोन. कॉमर्सच्या पदवीधराला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरला बसता येतं. इतर शाखांना ६० टक्के लागतात. आयसीएआय पदवीवरच्या विद्यापीठाचं नाव बघत नाही, टक्के बघते. म्हणून कॉलेज बदलताना सीजीपीएचे टक्के कोणत्या सूत्रानं होतात हे विचारणं त्या कॉलेजची इमारत बघण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

नव्या योजनेतला एक बदल आपल्या प्रश्नावर थेट बोलतो. पूर्वी इंटरचा एक ग्रुप सुटला की आर्टिकलशिप सुरू करता यायची. आता दोन्ही ग्रुप सुटावे लागतात. म्हणजे आर्टिकलशिप पुढे सरकली आणि बहुतेकांसाठी ती टी.वाय.च्या आसपास किंवा पदवीनंतर येते. गाव सोडण्याची नैसर्गिक वेळ तीच. त्याआधी मुलाला हवी असते ती शांत खोली, घरचं जेवण आणि नेट. क्लासेस पुण्यात चांगले, हे दहा वर्षांपूर्वी खरं होतं. आता नावाजलेले शिक्षक मोबाइलवर आहेत आणि आयसीएआय स्वतः मोफत ऑनलाइन वर्ग चालवते. पुण्यातला मुलगा सदाशिव पेठेतल्या कॉटवर बसून जे लेक्चर बघतो, तेच पारोळ्यातला मुलगा ओसरीवर बसून बघतो. अर्थात अभ्यासाची संगत हीही एक गोष्ट असते आणि ती गावात मिळत नाही, हे मान्य.

आर्टिकलशिप पुण्या-मुंबईत करावी की जळगाव-धुळ्यात, हा मात्र खराखुरा, दोन्ही बाजूंना वजन असलेला प्रश्न आहे.

मोठ्या फर्ममध्ये नाव मिळतं, पुढच्या नोकरीला दार उघडतं, कंपनी कायदा, भारतीय लेखा मानकं, मोठ्या उद्योगांचं ऑडिट बघायला मिळतं. पण दोन वर्षांतलं एक वर्ष एखाद्या कंपनीच्या स्थिर मालमत्तेची यादी जुळवण्यात जाऊ शकतं. लहान गावातल्या फर्ममध्ये मुलगा पहिल्या महिन्यापासून पार्टीसमोर बसतो. रिटर्न भरतो, कर्जासाठी बँकेला द्यायचा सीएमए डेटा बनवतो, एप्रिलमध्ये बँक शाखांच्या ऑडिटला जातो, सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री नऊपर्यंत टॅक्स ऑडिट करतो.

आणि जळगाव ही अकाउंट्सची विलक्षण शाळा आहे, हे इथल्यांनाच कळत नाही. जिनिंगवाला शेतकऱ्याकडून कापूस घेतो, तेव्हा त्यावरचा जीएसटी रिव्हर्स चार्जनं जिनिंगवाल्यालाच भरावा लागतो. हे १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. डाळमिलमध्ये २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर, त्याहून जड पोत्यावर नाही. मग पोत्याचं वजन ठरवण्यातच अकाउंटंटचा सल्ला लागतो. सराफ बाजारात सोन्यावर ३ टक्के. रावेर-यावलच्या ताज्या केळीवर शून्य, पण केळीचे वेफर्स केले की कर लागला. ठिबक संचावर सप्टेंबर २०२५ मध्ये दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा डीलरकडच्या जुन्या साठ्याचं काय करायचं हा प्रश्न इथल्या ऑफिसांत आला असणारच. धुळ्यात तेल गिरण्या, दोंडाईचात मिरची, शिरपूरला कापड. एवढी विविधता दोन वर्षांत हाताखालून गेली तर तो मुलगा कुठेही उपाशी राहणार नाही.

विद्यावेतनाबद्दल एक मजेशीर गोष्ट. आयसीएआयच्या नियमांत किमान विद्यावेतन गावाच्या लोकसंख्येवर ठरलेलं आहे: २० लाखांवरची शहरं, ४ ते २० लाखांची, आणि ४ लाखांखालची. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४.६० लाख आणि धुळे शहर ३.७५ लाख. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांची मुख्य शहरं त्यामुळे वेगवेगळ्या गटांत पडतात. रक्कम तिन्ही गटांत तुटपुंजीच आहे आणि पुण्यातलं खोलीभाडं तिच्यातून निघत नाही, तेव्हा घरून पैसे मागवावे लागणार हे धरूनच चालावं.

आणखी एक सांगायला हवं. कॉलेज बदलणं कटकटीचं असलं तरी जमतं. प्रिन्सिपल, म्हणजे ज्यांच्याकडे आर्टिकल म्हणून नोंद झाली ते सीए, मनात येईल तेव्हा बदलता येत नाहीत. नियम कडक आहेत. तरी आपल्याकडे कॉलेजसाठी तीन महिने चर्चा चालते आणि प्रिन्सिपल ओळखीपाळखीनं एका फोनवर ठरतात. उलटं व्हायला हवं. त्या ऑफिसात आधी राहून गेलेल्या दोन मुलांना भेटावं, काम कोणतं मिळतं, परीक्षेची रजा मिळते का, हे विचारावं.

आता कटू भाग. नोव्हेंबर २०२३ मध्ये फायनलचे दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी ९.४२ टक्के पास झाले. मे २०२४ मध्ये १९.८८ टक्के. म्हणजे चांगल्या सत्रातही पाचांतले चार जण मागे राहिले. खान्देशातल्या घरांत सीए होण्याचा निश्चय गणपतीत जाहीर होतो आणि सीए न होण्याची कबुली कधीच होत नाही. मुलगा तिशीपर्यंत ‘सीए करतोय’. इंटर सुटली, दोन वर्षं आर्टिकलशिप झाली आणि फायनल सुटत नाही, असा मुलगा निकामी नसतो. उद्योगांना असेच लोक हवे असतात आणि पुणे-मुंबईच्या कंपन्यांत त्यांना बरी जागा मिळते. पण त्यासाठी दोन-तीन प्रयत्नांनंतर थांबून अर्ज करायला लागतो. सीएमए आणि सीएस या दोन संस्थाही पदवीधराला पहिल्या पायरीतून सूट देतात. कारखान्याच्या कॉस्टिंगमध्ये रस असेल त्याला सीएमए हा सीएपेक्षा खालचा वगैरे अजिबात नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांचा प्रश्न वेगळा काढून सांगायला हवा. सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. चोपडा-यावलच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला बॅलन्सशीट समजते, पण कायद्याचा पेपर लिहिताना वाक्य अडतं. हा मुलगा पुण्यात गेला म्हणून इंग्रजी येत नाही. पहिल्या वर्षापासून रोज एक पान इंग्रजीत लिहिलं तर येतं, आणि ते जळगावच्या नूतन मराठा कॉलेजात बसूनही होतं.

आणि मराठीतूनच उत्तम चालणारी एक वाट आपल्या जिल्ह्यांत आहे जिच्याबद्दल कॉलेजांत फार कमी बोललं जातं: जी.डी.सी. अँड ए., सहकार आयुक्तांकडून घेतली जाणारी सहकार व लेखा पदविका. पदवीधरांना देता येते, सहा पेपर, तीन दिवस, मे महिन्याच्या अखेरीस. महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर सहकारी संस्था आहेत: विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था, गृहनिर्माण संस्था. १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे प्रत्येकीचं दरवर्षी लेखापरीक्षण व्हावं लागतं आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतर संस्थेची सर्वसाधारण सभा सरकारी तालिकेवरच्या लेखापरीक्षकांमधून आपला लेखापरीक्षक निवडते. ही पदविका आणि ठरलेला अनुभव असेल तर त्या तालिकेवर जाता येतं. खान्देशात सहकार खोल रुजला आहे आणि त्याचे घावही खोल आहेत. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे अडकले, पुढे अवसायक नेमावा लागला, आणि निवृत्तीचे पैसे ठेवलेले शिक्षक अजून तारखा मोजतात. ज्या भागात हे घडलं तिथे चांगल्या लेखापरीक्षकाची गरज काय असते हे वेगळं सांगायला नको. पाचोऱ्याचा बी.कॉम. मुलगा ही पदविका घेऊन तालुक्यातल्या पंचवीस-तीस संस्थांचं काम करू लागला तर त्याला विद्यापीठ कोणतं हे विचारायला कुणीही येणार नाही.

सरकारी नोकरीचं थोडक्यात. राज्यकर निरीक्षक, कोषागारांतले कनिष्ठ लेखापाल, जिल्हा परिषदेतले लेखा विभागाचे सहायक, महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा, बँकांच्या आयबीपीएस परीक्षा. यांत पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची असली की झालं. जाहिराती अनियमित येतात. स्पर्धा परीक्षेसाठी म्हणून पुण्याला जायचं असेल तर तो निराळाच विषय आहे, त्याला विद्यापीठ बदलण्याचं नाव देऊ नये.

खासगीत बी.कॉम. अधिक टॅली एवढ्यावर जळगावच्या एमआयडीसीत, चटई आणि पाइपच्या कारखान्यांत, डाळमिलांत, धुळ्याजवळच्या अवधानच्या एमआयडीसीत काम मिळतं, पण सुरुवातीचा पगार निराश करणारा असतो. त्यातून वर येतो तो नोंदींच्या पुढे जाणारा. नुसती व्हाउचर टाकण्याचं काम सॉफ्टवेअर खात चाललं आहे. कायदेही थांबत नाहीत: जीएसटीचं सीएकडून करायचं ऑडिट २०२१ मध्ये रद्द झालं आणि ऑफिसांचं एक ठरलेलं उत्पन्न गेलं, १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा लागू, कलमांचे आकडे सगळे बदलले. आज एस.वाय.ला असलेल्या मुलाला हा बदल सोयीचा आहे. पंचवीस वर्षं काम केलेले त्याचे साहेब आणि तो, दोघंही नवा कायदा एकाच वेळी वाचताहेत.

परदेशाचं स्वप्न असलेल्यांसाठी दोन शब्द. अमेरिकेत दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग विद्यापीठात बदली ही रुळलेली पद्धत आहे, तिथे कॉलेजांमध्ये तसे करारच असतात. आपल्याकडची अधबीच बदली तिच्यासारखी नाही. तिथल्या सीपीए परवान्यासाठी परंपरेनं १५० क्रेडिट तास लागतात, त्यात आपलं तीन वर्षांचं बी.कॉम. अपुरं पडतं आणि एम.कॉम. जोडावं लागतं, चार वर्षांच्या ऑनर्सचा उपयोग इथे होऊ शकतो. ब्रिटनच्या एसीसीएचे तेरा पेपर आहेत आणि भारतीय बी.कॉम.ला त्यांतल्या काहींची सूट मिळते.

मग बदलावं कुणी? पहिला अपवाद, ज्याला सीए करायचंच नाही आणि कॅम्पसमधून कंपनीत किंवा पुढे नावाजलेल्या एमबीएला जायचं आहे. त्याला शहरातलं चांगलं कॉलेज खरंच उपयोगी आहे: प्लेसमेंट, इंटर्नशिप, स्पर्धा, बोलण्याची सवय. पण कॉलेज चांगलंच हवं, कुठलंही नव्हे. दुसरा अपवाद, घरच बदलत असेल: वडिलांची बदली, मुलीचं लग्न. लग्नानंतर शिक्षण तुटू नये म्हणून क्रेडिटची ही सगळी व्यवस्था खरोखर उपयोगाची आहे, आणि जळगावच्या बेंडाळे महिला महाविद्यालयासारख्या कॉलेजांनी मुलींना अपार आयडी, क्रेडिट, मायग्रेशन यांची माहिती पहिल्याच वर्षी द्यायला हवी. तिसरा, ज्याच्या गावात कॉमर्सचे शिक्षकच नाहीत, पदं रिकामी आहेत आणि वर्ग कागदावर भरतात. त्यानं बदलावं, मात्र आधी विद्यापीठाच्या कक्षेतच बघावं, शिरपूरचं आर. सी. पटेल, भुसावळचं नाहाटा, धुळ्यातलं एसएसव्हीपीएस, जळगावचं मू.जे. कॉलेज. विद्यापीठ तेच राहिलं तर मायग्रेशन लागत नाही आणि विषय जुळवणं पुष्कळ सोपं जातं.

बाकीच्यांनी बी.कॉम. इथेच पुरं करावं, ५५ टक्क्यांच्या वर राहावं, त्या तीन वर्षांत इंटर सोडवावी किंवा सोडवणार नाही हे स्वतःशी ठरवावं, आणि मग आर्टिकलशिप, एम.कॉम. किंवा नोकरी यांपैकी ज्यासाठी जायचं त्यासाठी जावं. ज्यांचं अधबीच जाणं ठरलंच आहे, त्यांनी नव्या कॉलेजकडून समकक्षतेचा आणि एस.वाय.च्या जागेचा कागद लेखी हातात आल्याशिवाय जुन्या कॉलेजातून दाखला काढू नये.